उभ्यानं

चाळीस वर्षं जमिनीवर बसून काम केलं.
फळी टाचेखाली दाबायची,
डाव्या पायाचा अंगठा हाच माझा शिकंजा.
अजून त्या अंगठ्याचं नख
इतर नखांसारखं वाढत नाही.

आता गुडघे खाली जातात, वर येत नाहीत.
देवगडचा डॉक्टर म्हणाला, मेस्त्री, उकिडवं बसणं बंद.
वैदेही, माझी भाची, आयटीआयला जाते.
म्हणाली, "मामा, थंय सगळी उभ्यानच करतत.
बाक व्हयो."

लाकूड विकत घ्यायचं नाही, एवढं ठरलं.
सागाचा भाव ऐकून
मी दुकानदाराला नुसतं पाणी मागितलं.

गिर्ये शाळेवर पत्रे चढले तेव्हा उतरवलेले वासे
गोठ्याच्या माळ्यावर होते, ते निघाले.
मोडलेल्या जेटीचा एक खांब, किंजळीचा,
बुडाला कालवं घट्ट धरून बसलेला,
त्यातून चार पाय.
आणि वर टाकायला दाऊद वस्ताचा मचवा,
खाडीच्या चिखलात सहा पावसाळे कुशीवर पडून होता.
दाऊद पैसे नको म्हणाला.
"घरातला पोळपाट चिरलाय. तेवढा एक करून दे.
अगदी गोल नसला तरी चालेल,
तिच्या भाकऱ्या कुठे गोल असतात!"

तीन दिवस खिळे काढले.
वैदेहीनं मोजले, करवंटीत टाकत:
दोनशे एक्केचाळीस.
खिळा कुजतो तिथं लाकूड आतून काळंनिळं पडतं,
मार लागल्यावर अंगावर उमटतं तसं.
रंधा कितीही फिरवा, ते जात नाही.
मी फिरवून बघितला.

दोनशे बेचाळिसावा लपून राहिला होता.
पात्याला दात पडला.
मी जी शिवी दिली ती खिळ्याला होती,
पण ती वैदेहीनं पाठ केली.

पहिली साल निघाली तेव्हा वास आला
मिठाचा, डांबराचा,
आणि मोरीच्या तेलाचा,
दाऊदच्या बापानं पुसलेल्या.
खाली लाल, ओलसर वाटणारं लाकूड,
जिवंत म्हणणार नाही मी,
पण संपलेलंही नव्हतं.

खिळा एकही मारला नाही.
ज्यानं एवढे सोसले त्याला परत कशाला?
पायात साल पाडली, वाशाला कूस काढली,
घणानं बसवलं, वरून खैराची पाचर.
पाचर आत जाताना आवाज बदलत जातो,
आधी बद्द, मग टणक,
मग एक ठोका असा येतो की हात आपोआप थांबतो.
हे तिला सांगून कळेना.
घण तिच्या हातात दिला.
बरोबर त्या ठोक्याला थांबली.

मग म्हटलं, हलवून बघ.
तिनं खांदा लावला, पाय रोवले.
बाक जागचा हलला नाही, तीच मागे सरकली.

राहिली गोष्ट उंचीची.
हात सैल सोडून उभं राहायचं,
मनगटाचं हाड येतं ती खूण.
ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे.
पाय कापताना मी तिची खूण धरली.
विचारलंन तेव्हा म्हटलं, चुकलं. डोळ्यांचं काय खरं नाही आता.
तिनं गुण्या उचलला, पुसला, जागेवर ठेवला.
काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूला खाली
एक जाड फळी टाकलेली,
बरोबर चार बोटांची.

फळीच्या खालच्या अंगाला मचव्याच्या नावातली
अडीच अक्षरं उरली आहेत, निळ्या रंगात.
मला वाकता येत नाही.
भुसा झाडायला ती आत शिरते
आणि तिथून ओरडून वाचते, दर वेळी वेगळं:
आज म्हणाली, "मामा, 'र्याकृ'!"

वर पोळपाट अर्धा झालाय.
गोल होतोय, काय करणार,
हाताला सवय आहे.